लिस्बनच्या थोड्या टाचण्या

मित्रांनो, भिंतीवरून उतरवलेला मी एक युरोपचा जुना नकाशा आहे. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. कपाटामागे गुंडाळून पडल्यावर बोलायची सवय जाते.

पुण्याच्या एका छापखान्यात मी कापडावर छापला गेलो. देवदत्त सरांनी मला स्वतः विकत घेतलं आणि शारजात, अल मजाजजवळच्या त्यांच्या शाळेत आणलं. वीस वर्षं मी मुलींच्या नववीच्या वर्गात लटकलो. सर मला ओल्या फडक्याने पुसत. शाळेतल्या इतर कोणाशी ते फारसे बोलत नसत. माझ्यासमोर उभे राहिले की मात्र खुलत.

युरोपातल्या काही सत्तांनी इतरांपेक्षा जास्त युद्धं का केली, हा धडा त्यांचा आवडता. युरोपात लिहिलेल्या एका जाड पुस्तकातून यादी काढून ते प्रत्येक युद्धासाठी लढणाऱ्या देशाच्या राजधानीत लाल टाचणी खोचत. पॅरिस, माद्रिद, व्हिएन्ना माझ्या अंगावर टोचले जात. लंडनला तर जागाच उरली नाही.

"सर, लंडन हाउसफुल!" लायबा ओरडली आणि वर्ग हसला.

सरही हसले. म्हणाले, "ज्याच्या अंगणाला समुद्राचं कुंपण आणि दारात जहाजं, त्याला भांडायला लांब जाता येतं. ज्याच्या चारी बाजूंना शेजारी, तो घरातच भांडतो. आणि डोंगरातला गरीब देश आपली पोरं दुसऱ्यांच्या लढाईत भाड्याने पाठवतो." पोर्तुगालच्या राजधानीला, लिस्बनला, थोड्याच टाचण्या लागल्या. छोटा देश, असं सरांनी फळ्यावर लिहिलं.

तेव्हा बिलकीस उठली. तिचं गाव कोकणातलं दाभोळ. वडील इथल्याच, शारजाच्या खोर फक्कान बंदरात क्रेन चालवत. ती मराठीत म्हणाली, "सर, आमच्या दाभोळची टाचणी कुठाय? पोर्तुगीजांनी जाळलं ना ते? आजोबा सांगतात. त्याच्या आदल्या वर्षी खोर फक्कानपण जाळलं, पप्पांनी सांगितलं. मग लिस्बनला थोड्या कशा?"

सर यादी चाळत राहिले. दाभोळ नव्हतं. खोर फक्कान नव्हतं. "राजाने राजाशी केलं तर या पुस्तकवाल्यांच्या यादीत ते युद्ध," ते हळू म्हणाले. "गाव जाळलं तर... नोंद नाही."

"म्हणजे युद्धं ज्यांनी केली त्यांनीच ती मोजली?"

सरांनी माझ्या कोपऱ्यातली प्रमाणपट्टी पाहिली, दोऱ्याने अंतर मोजलं आणि माझ्या चौकटीबाहेर, भिंतीतच टाचणी खोचली. खोर फक्कान. मग आणखी खाली, दिव्याच्या बटणांशेजारी, दाभोळ. भिंत जिप्समची, टाचणी सहज जाई. केरळची एक मुलगी कालिकत म्हणाली, कोणी सुरत म्हणालं, मग नावं येतच राहिली. तास संपला तेव्हा माझ्या आतल्यापेक्षा बाहेर जास्त लाल होतं. एवढा आनंदी वर्ग मी पुन्हा पाहिला नाही.

दुपारी सुपरवायझर सविता मॅडम आल्या. "अहो देवदत्त सर, सोमवारी इन्स्पेक्शन आहे! परवा रंग दिलाय भिंतीला. आणि हे सिलॅबसमध्ये कुठाय?"

"मुलीने विचारलं म्हणून..."

"मुली काय, काहीही विचारतील. तुमची रिन्यूअलची फाइल माझ्याच टेबलावर आहे. साठीनंतर एकेक वर्ष वाढवून मिळतं. अंतरा बारावीला ना? मग खलास करा हा विषय."

अंतरा सरांची मुलगी. नोकरी गेली असती तर सरांचा व्हिसा गेला असता, त्याबरोबर तिचाही, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर घर आवरावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गासमोर भिंतीतल्या टाचण्या एकेक करून उपटल्या. भोकांत पांढरी पेस्ट भरली. मुलींकडे न बघता म्हणाले, "आय वॉज राँग. कालचं वहीतून खोडा."

बिलकीसने पट्टी धरून रेघ मारली. अगदी सरळ.

फाइल मंजूर झाली. इन्स्पेक्शनसाठी नवा चकचकीत नकाशा आला आणि मी कपाटामागे गेलो. त्याच कपाटाला टेकून सरांनी परीक्षेचे पेपर तपासले. कोणत्या सत्तांनी कमी युद्धं केली, या प्रश्नाला बिलकीसने पहिलंच नाव लिहिलं होतं पोर्तुगाल. सरांचं लाल पेन बराच वेळ त्या ओळीवर थांबलं. मग त्यांनी पूर्ण गुण दिले.

मित्रांनो, जुने नकाशे जपा, असं मी सांगणार होतो. पण मला जपून काय होणार? मी सगळं पाहिलं आणि भिंतीला चिकटून राहिलो. सरांना मी दोष देत नाही. तेवढा माझा अधिकारही नाही. फक्त एक आठवतं. सर टाचण्या उपटत होते तेव्हा वर्गात अठ्ठावीस मुली होत्या आणि एकीचाही हात वर गेला नाही. मोठ्यांना नोकरीची, व्हिसाची काळजी असते. तुम्हाला अजून नाही. म्हणून शेजारची मुलगी प्रश्न विचारून एकटी पडली, तर तुम्ही उठा.