माझ्यावरची आडवी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. बशीएवढी आणि काळी. मला खिडकीपाशी उजेडात धरलंत, तर माझ्या गोल रेघांना कापत गेलेला एक पांढरा ओरखडा दिसेल. तबकडीवर ओरखडा म्हणजे हलगर्जीपणा, असंच सगळे म्हणतात. माझी हकिकत ऐका आणि मग ठरवा.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथे चार पोरं मोटारीच्या गॅरेजात गिटार आणि ड्रम वाजवत. त्यांना राग फार होता आणि घाई त्याहून जास्त. त्यांचं एक गाणं सुरू होऊन संपायला अर्धं मिनिट पुरे. अशी बारा गाणी त्यांनी माझ्या दोन बाजूंवर कोंबली. ती त्यांची पहिलीच तबकडी. तापलेल्या काळ्या गोळ्यावर साचा दाबून माझ्यासारख्या तीनशे जणी निघाल्या, आणि आमची कागदी पाकिटं त्या पोरांनीच जमिनीवर बसून चिकटवली. आपलं कुणीतरी ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तेच माझंही.

१९८४ साली तिकडे शिकणारा ओमप्रकाश मला नागपूरला घेऊन आला आणि इतवारीत राहणाऱ्या आपल्या बहिणीला, प्रमोदिनीला, देऊन गेला. तिच्या घरी चार पायांचा लाकडी रेडिओग्राम होता, म्हणजे रेडिओ आणि तबकड्या वाजवायची फिरकी एकाच पेटीत. माझं मधलं भोक मोठं आणि त्याची दांडी बारीक. तिचे यजमान मधुकरराव यांनी पुठ्ठ्याची चकती कापून मला कशीबशी बसवली. मी सुरू झाले मात्र, प्रमोदिनीच्या सासूबाई सत्यवतीबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"काय वं हे? उमरेडची बस सुटून राहिली का यांची?"

सगळे पोट धरून हसले. मग मला पाकिटात घालून भावगीतांच्या तबकड्यांखाली ठेवून दिलं.

त्यानंतर घरात मुलगी जन्मली. तिला छकुली म्हणत. छकुली फार शांत. कुकरची शिट्टी झाली तरी तिची झोप मोडत नसे. असं गुणी लेकरू नशिबानं मिळतं, असं शेजारणी म्हणत. ती दहा महिन्यांची असताना, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक दारावरून गेली. ढोल, ताशे, 'घेऊन जा गे मारबत'चा गलका. मी खणात पडल्या पडल्या हादरत होते, आणि छकुली आईच्या खांद्यावर गाढ झोपलेली. लोकांनी पुन्हा कौतुक केलं. प्रमोदिनी मात्र त्या दिवसापासून हसेनाशी झाली.

पाठीमागून टाळी वाजवून बघ, दाराआडून हाक मारून बघ, ताटावर पळी आपटून बघ, असं तिचं सुरू झालं. छकुली कधी वळे, कधी नाही. वळली तरी प्रमोदिनीच्या मनात येई, माझी सावली तर दिसली नसेल? शेवटी तिने शंका बोलून दाखवली. सत्यवतीबाईंनी ती उडवून लावली. मधुकर तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता आणि आज वकील आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय डॉक्टरकडे नेलं की गल्लीभर पोरीचं नाव बहिरी पडेल, ही धास्ती. कोर्टात तासभर बोलणारे मधुकरराव घरात दोघींच्या मधे गप्प बसत.

एका दुपारी प्रमोदिनीने मला बाहेर काढलं. त्या घरात माझ्याइतकं मोठ्याने ओरडणारं दुसरं काहीच नव्हतं. छकुली रेडिओग्रामला धरून उभी होती. सुई टेकली. छकुलीने डोळे मोठे केले, खिदळली आणि गुडघे वाकवून नाचू लागली.

सत्यवतीबाईंनी तिच्या तोंडात साखरेची चिमूट घातली. "पाह्य, आयकते का नाही? उगाच जीव खाल्ला माझा." मधुकररावांचा चेहरा उजळला. मलाही काय वाटलं म्हणून सांगू! माझ्या गाण्यावर पहिल्यांदाच कुणीतरी नाचत होतं.

प्रमोदिनी लेकीच्या हातांकडे बघत होती. दोन्ही तळवे लाकडाला चिकटलेले होते, आणि लाकूड माझ्या ड्रमने थरथरत होतं. छकुली दमून खाली बसली. हात सुटले, तसं तिचं हसूही गेलं. मी अजून ओरडतच होते.

"आई, तिला घेऊन पलंगावर बसा. गादीवर. तिची पाठ इकडे करून."

"काहून वं? झालं ना आता."

"एकदाच. मग मी कधी काही म्हणणार नाही."

सत्यवतीबाई बसल्या. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. छकुली आजीच्या बांगड्यांशी खेळत होती. वळ गं बाई, एकदा वळ, असं मी मनात म्हणत होते. तिसरंही संपलं. चौथ्याला प्रमोदिनीने लेकीवरची नजर न काढताच मला थांबवायला हात पुढे केला. तो चुकला, सुई निसटली आणि माझ्या अंगावरून थेट कडेपर्यंत फरफटत गेली. त्या कर्कश आवाजाने मधुकररावांनी कानांवर हात ठेवले. सत्यवतीबाई बसल्या जागी दचकल्या.

तेव्हा कुठे छकुलीने मान वर केली. आजी का हलली, म्हणून तिने आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसली.

सत्यवतीबाईंनी नातीचं डोकं छातीशी घट्ट धरलं.

"चाल वं, प्रमोदिनी," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले दाखवू. आपण दोघी जाऊ. लोकायले काय सांगायचं ते मी पाहीन."

छकुलीला फार कमी ऐकू येत होतं, पण थोडं येत होतं. आत्ताच आणलंत ते बरं केलं, असं डॉक्टर म्हणाले. लोक मूल बोलत नाही म्हणून चौथ्या वर्षी आणतात. तिला कानांत घालायचं दोन वायरींचं यंत्र मिळालं. त्याची डबी ठेवायला प्रमोदिनीने प्रत्येक झबल्याला छातीशी खिसा शिवला.

पुढच्या पोळ्याच्या आधी तिने मला पुन्हा लावलं. छकुली गादीवर, कानांत यंत्र, पाठ माझ्याकडे. सत्यवतीबाईंनी तर बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या मुठीत धरल्या होत्या. ओरखड्यावर सुई टक् टक् करू लागली, मागोमाग ती चार पोरं ओरडली. छकुलीचा हात खेळण्यावरच थांबला. आणि ती वळली. सावकाश, पण माझ्याकडेच.

आज ती शाळेत जाते, थोडं बोबडं बोलते आणि खूप भांडते.

मित्रांनो, मला उभी ठेवा, उन्हात टाकू नका; नागपूरच्या मे महिन्यात मी पापडासारखी वाकेन. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरी शांत, गुणी बाळ असेल, तर त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि कशालाही धक्का न लावता हाक मारा. वळलं, तर खुशाल कौतुक करा. पुन्हा पुन्हा हाक मारूनही नाही वळलं, तर लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. बाळाला उचला आणि निघा.