चित्र नको, मनगट हवंय

घड्याळजींना सूड घ्यायचा होता, आणि घाई मुळीच नव्हती. चार वर्षं त्यांनी तो घड्याळासारखाच जपला होता. रोज थोडी किल्ली द्यायची, धूळ बसू द्यायची नाही.

ज्याच्यावर घ्यायचा तो समोरच्याच घरात राहत होता. सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बायको गेली त्या सकाळी दवाखान्यात तिच्या उशाशी तो होता, आणि घड्याळजी इथे मागच्या खोलीत कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. शेवटी कुणीतरी येऊन दार ठोठावलं. पोचले तेव्हा सगळं संपलेलं.

"फोन लागत नव्हता, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

"लागत नव्हता, की लावलाच नव्हतास?" घड्याळजींनी भर दवाखान्यात, चार माणसांत विचारलं. तिथून बोलणं तुटलं ते तुटलंच.

मेहुण्याच्या वडिलांचं जुनं लंबकाचं घड्याळ तेव्हा दुरुस्तीला आलेलं होतं. आठवड्यात ते टिकटिकू लागलं, पण परत गेलं नाही. मेहुण्याने दोनदा माणूस पाठवला. "काम चालू आहे," असं सांगून घड्याळजींनी दोन्ही वेळा त्याला वाटेला लावलं. माणसाच्या मनात राग एवढा पसरून बसला, की देवालाही दाराबाहेर ताटकळावं लागतं.

आता झालं असं, की फाटकाजवळचा गुलाब जळायला लागला. तो बायकोने लावलेला. घड्याळजी रोज न्याहारीनंतर त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसत. आधी पानांच्या कडा करपल्या, मग कळ्या माना टाकू लागल्या. मातीवर पांढरट थर दिसला म्हणून त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ!

त्यांनी फाटकावर कॅमेरा बसवून घेतला, कुणी आलं की फोनवर सूचना देणारा. दोनच दिवसांत त्यात दिसलं: करडा रेनकोट, डोक्यावर टोपी ओढलेली, कॅमेऱ्याकडे पाठ, हातात पाण्याचा मग.

"मामाच कशावरून?" लेकीने विचारलं. "असले रेनकोट गल्लीत दहा निघतील."

"चालणं ओळखतो मी. डावा पाय अर्धा ठोका उशिरा पडतो त्याचा."

"मग दाखवा त्याला व्हिडिओ, आणि मिटवा एकदाचं."

"चित्र नको, मनगट हवंय." घड्याळजींचा आवाज कसा गार होता! "रंगेहाथ धरून इथे आणणार, या टेबलासमोर बसवणार, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बापाचं घड्याळ चाक चाक सुटं करणार. शेवटी मुख्य स्प्रिंग पकडीने तोडून त्याच्या ओंजळीत घालणार. म्हणावं, ने घरी. काम झालं."

पण धरायचं कसं? तीन दिवस ते दाराआड उभे राहिले. कुणी फिरकलं नाही. मागच्या खोलीतला दिवा गल्लीतून दिसायचा. तो लागला, म्हणजे म्हातारा कामाला बसला, एवढं कळायला अक्कल लागत नाही. म्हणजे कामाला बसायचं आणि फोन वाजला की धावायचं. आणि मेला फोन वाजायचा तो पाऊण तासाने, तासाने. तोवर पाणी मुरून माती कोरडी झालेली.

कॅमेरावाल्यांना त्यांनी तक्रारी करून करून बेजार केलं. शेवटी सुट्टीच्या संध्याकाळी लेक ठाण मांडून बसली. ती रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये कामाला, त्यामुळे उशीर म्हटलं की तिचं डोकं फिरतं.

बॅटरी वाचवायला फोन कॅमेऱ्याचं ॲप झोपवत होता, ते तिने बंद केलं. राउटर लोखंडी कपाटामागून काढून खिडकीत ठेवला, ॲप स्वतःच्याही फोनवर घेतलं. मग फाटकाशी जाऊन नाचल्यासारखे हात हलवले. टेबलावरचा फोन तीन सेकंदांत वाजला.

"वाजला की!"

"संध्याकाळी वाजतोच गं. सकाळीच मेल्याला झोप येते."

"सकाळी तो असतो कुठे?"

घड्याळजींनी बोटाने दाखवलं. टेबलाखाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, घट्ट झाकणाचा. "फोनच्या पोटात लोहचुंबक असतो. घड्याळातल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे त्याने एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. म्हणून कामाला बसताना फोन डब्यात. चहाला उठलो की काढतो."

लेकीने फोन डब्यात ठेवला, झाकण दाबलं, स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

*आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राबाहेर आहे.*

"सापडला बिघाड!" ती खुशीत म्हणाली. "तुमची सूचना डब्याबाहेर ताटकळत होती, बाबा. आता फोन दारापाशी फळीवर ठेवा. तिथून नाही चिकटत तुमची स्प्रिंग." मग तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. हा डबा किती जुना असेल गं?"

"आईने दिलेला ना? आठ-दहा वर्षं सहज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचा दिवा लागला आणि दहाव्या मिनिटाला फळीवरचा फोन वाजला. घड्याळजी अनवाणी धावले. रेनकोटवाल्याच्या हातातला मग अजून तिरकाच होता, तेवढ्यात त्यांनी मनगट पकडलं.

"सापडलास!"

"सापडलो." मेहुण्याने टोपी मागे सारली. "महिना लागला तुम्हाला? वेळेचे कारागीर म्हणे!"

"तिचं झाड मारतोस, लाज नाही वाटत?"

"माझी बहीण होती ती! वडिलांचं घड्याळ दाबून बसलात, मला चारचौघांत खोटारडा ठरवलंत, आणि वर तिच्या गुलाबाशेजारी खुर्ची टाकून बसता. मला रोज खिडकीतून दिसतं ते. नाही सोसलं."

घड्याळजींनी त्याला ओढत आत आणला, टेबलासमोर बसवला. लंबकाचं घड्याळ समोर ठेवलं. पकड उचलली. सगळं अगदी चार वर्षं ठरवलं होतं तसंच झालं.

"तोडा," मेहुणा म्हणाला. "वाट कसली बघताय?"

"त्या दिवशी... किती वेळा लावलास फोन?"

"मोजले नाहीत. ती म्हणत होती, परत लाव. मी परत लावत होतो."

पकड हातातच राहिली. घड्याळजी उठले, फळीवरचा फोन घेतला, डब्यात ठेवला, झाकण दाबलं.

"लाव," ते म्हणाले.

मेहुण्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण नंबर लावला. फोन कानाला धरून ते वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मग डब्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला, की घड्याळजींनी मनगट आपणहून पुढे केलं.

"मी त्या दिवशी इथेच बसलो होतो. तो यातच होता," ते म्हणाले. "काय करायचं ते कर."

मेहुण्याने मनगट धरलं नाही. त्याने फोन काढून टेबलावर ठेवला आणि डबा उचलला. टेबलावरची हातोडी घेऊन बाहेर फरशीवर त्याने डब्याला असं काही धोपटायला सुरुवात केली, की समोरच्या खिडक्या उघडल्या.

"त्या हातोडीने नाही व्हायचं," घड्याळजी दारातून म्हणाले. "मोठी देतो."

अर्ध्या तासाने लेकीचा फोन आला. "बाबा! फाटकापाशी हालचाल, फाटकापाशी हालचाल, सोळा सूचना आल्या माझ्या फोनवर! चाललंय काय?"

"मीठ धुतोय मातीतलं. मामा बादल्या आणतोय."

"मामा?" लेक ओरडलीच. "त्याची कंबर धरलीय ना? पुरे करा आता."

"अजून आठ आहेत," घड्याळजी म्हणाले. "घड्याळ नेईल तो घरी, पण शेवटच्या बादलीनंतर."