मागच्या बाकावरचं माणूस

सोमवारी सकाळी शाल्मलीला मुख्याध्यापकांना सांगायचं होतं, नोकरीत राहते की सोडते. व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायला जायचं, हे घरात ठरलं होतं. त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याचं वेगळं प्रमाणपत्र लागत होतं, आणि अडलं होतं ते कुठलं घ्यायचं यावर. एक घरबसल्या मिळणार होतं, व्हिडिओ बघून आणि प्रश्नांची उत्तरं देऊन. दुसऱ्यासाठी दिल्लीला जाऊन रोज खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभं राहायचं होतं. मागच्या बाकावर बसलेला परीक्षक तास संपल्यावर चुका सांगणार होता. तो वर्ग ऐन शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत होता आणि शाळा रजा देणार नव्हती. म्हणजे राजीनामाच.

"आक्का, एवढी वर्षं शिकवायलीस. दिल्लीवाले तुला काय येगळं सांगणार?" धाकटा भाऊ धवल म्हणाला. तो मच्छे गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि आज रविवारची त्याला सुट्टी होती. "घरातनंच कर. जाईस्तोवर नोकरी बी राहील."

"इथं येतंय रं शिकवायला. तिथलं काय सांगावं?"

"मग आत्ताच बघूया. आत्याला शिकीव."

आत्या म्हणजे गुणाबाई. ती घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मराठी आणि कन्नड दोन्ही तिच्या तोंडची, इंग्रजीशी मात्र कधी संबंध आला नव्हता.

"व्हय, मी व्हिएतनामची," ती पदर सारखा करत म्हणाली. "आजपास्नं मला मराठी येत न्हाय. कन्नड बी न्हाय."

"हे मराठीतच सांगितलंस की!"

"गप रं. तास सुरू झालाय."

धवलनं ताट आणि चमचा आणला. शाल्मली इंग्रजी सोडून काही बोलली की तो चमचा वाजवणार होता. चमचा गप्पच राहील, याची त्याला खात्री होती.

शाल्मलीनं साखरेचा डबा पुढे ठेवला. "आय नीड शुगर."

गुणाबाईनं डबा उचलून तिच्या हातात दिला.

"नो, नो. आय नीड शुगर. म्हंजे साखर पायजे. सक्करी बेकु."

चमचा दोनदा वाजला.

तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वाजला. तिच्या शाळेत अर्ध्या मुलांच्या घरी मराठी, अर्ध्यांच्या घरी कन्नड. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागून ती दोन्हींतला अर्थ न थांबता सांगायची. पालक तिचं कौतुक करायचे ते त्यासाठीच. आता ती सवय जिभेवरून हटत नव्हती. काही वेळानं धवलनं वाजवणं बंद केलं.

"का थांबलास?" तिनं विचारलं.

"लई वाजाय लागलंय."

"वाजीव."

ती आत गेली आणि बिनसाखरेचा चहा घेऊन आली. गुणाबाईनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डब्याकडे हात नेला. शाल्मलीनं डबा मागे ओढला आणि एक शब्दही न बोलता वाट पाहिली.

"आय... नीड... शुगर," गुणाबाई चिडून म्हणाली. "दे गं आता!"

धवलनं टाळी वाजवली. "जमलं की! मग दिल्ली कशाला?"

"एका वाक्याला दुपार गेली रं. आणि चहाचं सुचलं ते नशिबानं. उद्या 'मला वाटतं' कसं शिकवू? त्याचा चहा करता येत न्हाय. मोबाइलसमोर बसले असते, तर प्रमाणपत्र मिळालं असतं आणि ही सवय घेऊनच इमानात चढले असते. मला मागं बसून चमचा वाजवणारं माणूस पायजे."

"आणि नोकरी?"

"सोडते."

धवलनं हातातल्या चमच्याकडे पाहिलं आणि तो ताटात ठेवला.

तिनं त्याच्यासमोरच दिल्लीच्या वर्गाला फोन लावला आणि जागा पक्की केली. मग मुख्याध्यापकांना कळवलं की सकाळी भेटायला येते, राजीनामा घेऊन.

जेवताना गुणाबाईनं ताट पुढे सरकवलं. "आय नीड भाकरी."

धवल वाढायला उठला. शाल्मलीनं त्याला हातानं थांबवलं, भाकरी उचलून आत्यासमोर धरली आणि म्हणाली, "ब्रेड."

"ब्रेड न्हवं गं ही, जोंधळ्याची भाकरी हाय," गुणाबाई म्हणाली.

 शाल्मली भाकरी तशीच धरून थांबली.