हौश्याची खांदेमळणी

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो, आणि माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यात तडा गेलेला आहे. तो बघून लगेच नाकं मुरडू नका. तुमच्या हातातल्या गुळगुळीत फोनने गाणी ऐकली नसतील तेवढी टोमॅटोच्या भावावरून झालेली भांडणं मी ऐकली आहेत.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही मला आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते नाशिकच्या एमजी रोडवर, मखमलाबादच्या महेशने मला दुकानातून उचलून शर्टाच्या वरच्या खिशात घातलं तेव्हा. महेशची भाजीपाल्याची शेती. पहाटे मार्केटला निघालेल्या टेम्पोत मी कोथिंबिरीच्या जुड्यांवर लोळलो, एकदा पाण्याच्या बादलीत पडलो. तेव्हापासून माझं बाजूचं बटण रुतलं ते रुतलंच. तरी महेश चारचौघांत म्हणायचा, "लय दणकट फोन आहे." मी आपला खूश. मग त्याने नवा फोन घेतला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. रोज हातात असणाऱ्याला धूळ खात पडायला लागलं की कसं वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

मला खाली काढलं महेशच्या मुलीने, मनीषाने. तिने मला पुसून आजोबांच्या हातात दिलं. त्यांचं नाव चिमाजी, पण घरात सगळे आबाच म्हणतात. आबांच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो. शेवटची बैलजोडी म्हातारी होऊन गेली, त्यानंतर दावणीला बैल आला नाही. आबांना एकाच गोष्टीचा अभिमान. येईल त्या पाहुण्याला ते सांगायचे, "उभ्या जन्मात बैलावर चाबूक नाय उगारला."

मनीषाने माझ्यात 'माझं शिवार' नावाचा खेळ टाकला. त्यात एक शेत, एक विहीर आणि एक पांढरा बैल. आबांनी बैलाचं नाव हौश्या ठेवलं. सकाळी चहाच्या आधी त्याला चारा, मग पाणी, मग नांगर. रानातल्या पाखरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आबा त्याच्याशी बोलायचे. देवळाली कॅम्पात राहणारा त्यांचा मेहुणा सहादू हाही तोच खेळ खेळायचा, आणि रोज फोन करून डिवचायचा, "काय दाजी, तुमचं रान अजून पडीकच का?" आबा वरून हसायचे आणि आतून धुमसायचे. मी त्यांच्या हातातच असायचो, मला ते कळायचं.

श्रावणात खेळाने नांगरटीची शर्यत लावली. माझ्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात चाबकाचं चित्र होतं. ते दाबलं की बैल पळायचा, आणि त्याच्या डोक्यावरची ताकदीची हिरवी पट्टी आखडायची. आबांनी त्या चित्राला कधी हात लावला नव्हता. पण शर्यतीच्या शेवटच्या दुपारी सहादूचा नांगर पुढे गेला आणि आबांचा अंगठा एकदम चाबकावर आला.

एकदा दाबला. हौश्या पळाला. पुन्हा दाबला. पट्टी पिवळी झाली, मग लाल. आबांच्या कपाळावर घाम होता, दात आवळलेले. मी गरम झालो होतो. मला वाटत होतं, आता बास करतील. पण मी सांगणार कसा? ज्याने दाबलं त्याचं ऐकायचं, एवढंच मला येतं. हौश्याने नांगराचं शेवटचं तास पुरं केलं आणि पुढच्या दोन्ही पायांवर कोसळला. त्याच क्षणी पडद्यावर फुलं उधळली गेली. आबा जिंकले होते.

सहादूचा फोन आला. "मानलं, दाजी."

"हं," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली. पडद्यावर हौश्या मान टाकून पडला होता. खाली लिहून यायचं, 'बैल आजारी आहे. रोज एकदा चारा द्या. एक दिवस चुकल्यास संध्याकाळी बैल दगावेल.' आबा चारा द्यायचे आणि बघत बसायचे. हौश्या काही उठायचा नाही.

मनीषा म्हणाली, "आबा, तुम्हाला बक्षिसात नवा बैल मिळालाय. ह्याला काढून टाका ना."

आबांनी मला तिच्यापासून लांब, दुसऱ्या हातात धरलं.

शेवटी गोजराबाईंनी, म्हणजे आबांच्या कारभारणीने, विषय काढला. "अहो, चित्रातला बैल तो. त्याला का कुठं दुखतंय?"

"त्याला नसंल दुखत," आबा म्हणाले. "पर मी मारत व्हतो तवा ते माझ्या ध्यानात कुठं व्हतं? मला नुसतं जिंकायचं व्हतं. हाच हात हाय गं. एवढी वर्सं बैलं राखली, ती मी चांगला व्हतो म्हणून का कुणी बघत व्हतं म्हणून?"

गोजराबाईंनी त्यांच्यापुढे भाकरीचं ताट सरकवलं. मित्रांनो, मला आबांची फार कीव आली.

बघता बघता पोळ्याची आदली संध्याकाळ आली. तुमच्याकडे बैल असतील तर तुम्हाला माहीत असेल, त्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जोखड ओढून सोललेले बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचे, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. शेजारच्या भिकाच्या गोठ्यातून घुंगरांचा आवाज येत होता. आबा वाटीत लोणी आणि हळद कालवून आपल्या गोठ्यात आले. मला त्यांनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवलं, दोन बोटं वाटीत बुडवली आणि माझ्या काचेवर, हौश्याच्या खांद्यावर फिरवायला सुरुवात केली.

"चुकलो रे, गड्या," ते म्हणाले. "आज आवतण घे, उद्या जेवायला ये."

त्यांचं बोट इतकं हलकं फिरत होतं, की एवढ्या वर्षांत मला कुणी तसा हात लावला नव्हता. पण माझं धाबं दणाणलं. लोणी तड्यातून आत उतरत होतं, चार्जिंगच्या भोकात जात होतं. बोट कुठे आहे आणि कुठे नाही, हे मला समजेना. नसलेली बोटं जाणवायला लागली. कुठेतरी बक्षिसाचं चित्र दाबलं गेलं आणि पडद्यावर प्रश्न उभा राहिला : 'हौश्याला काढून नवा बैल घ्यायचा? हो. नाही.'

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. बोट हवेतच थांबलं. "मनीषा," त्यांनी हाक मारली, "लवकर ये."

मनीषा धावत आली. "आबा, हात लावू नका. पुसलं तरी दाबलं जाईल." पडदा बंद करायला तिने माझं बाजूचं बटण दाबून बघितलं, पण ते कधीच कामातून गेलेलं. चार्जर लावायला गेली, तर लोण्यामुळे आत बसेना. बॅटरीचा आकडा लाल झालेला. 'हो' आपोआप लुकलुकत होतं, मग 'नाही', मग पुन्हा 'हो'. मी सगळा जीव गोळा करून थांबलो होतो. कुणीच दाबत नव्हतं, तरी मला दाबल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात अंधार झाला. शेवटी कुठलं दाबलं गेलं, ते मलाच माहीत नाही.

सकाळी पोळा. आबा अंघोळ करून, टोपी घालून, मला रुमालात बांधून दारात उभे. महेश म्हणाला, "आबा, आज सणाचं कुठं? खेळच आहे तो. उद्या बघू."

"उद्या नको. संध्याकाळच्या आत चारा द्यायचाय."

महेशने बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि मोटारसायकल काढली.

एमजी रोडवर दुरुस्तीचं दुकान कुंदन नावाचा तरुण चालवतो. त्याने मला उघडलं आणि हसायला लागला. "बाबा, पुरणपोळी भरवली का काय ह्याला?"

आबांनी मान खाली घातली. आजूबाजूला गिऱ्हाइकं उभी होती. "खांदेमळणी केली," ते म्हणाले. "खेळातल्या बैलाला मी लय मारलं व्हतं."

एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. कुंदन मात्र हसायचा थांबला. त्याने बारीक ब्रश घेतला आणि माझ्या अंगातलं पिवळं लोणी कणाकणाने काढायला लागला. दुपार टळली. आबा बाकड्यावरून हलले नाहीत. महेशने आणलेला चहा तसाच निवला. दोनदा मला सुरू करून बघितलं, दोन्हीदा मी चमकून विझलो. बाहेर उन्हं उतरायला लागली, तेव्हा कुठे माझ्यात धुगधुगी आली.

खेळ उघडला. प्रश्न गेला होता. शेतात एक बैल पडला होता, मान टाकून. तो हौश्याच होता.

आबांनी धोतराला पुसून बोट कोरडं केलं आणि चारा दिला. काही झालं नाही. महेशही आता वाकून बघत होता. मग लाल पट्टी जराशी पिवळी झाली, हौश्याने मान उचलली, एक पाय रोवला, दुसरा रोवला आणि उभा राहिला. खाली अक्षरं आली : 'बैल बरा झाला. नांगराला जुंपायचा?'

"आज पोळा हाय," आबा मला म्हणाले आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

"बाबा, उद्या जुंपाल की," कुंदन म्हणाला.

"बघू," आबा म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जुंपला नाही, आणि त्यानंतरही नाही. हौश्या शेतात नुसता चरत उभा असतो. शिवारात गवत माजलंय. खेळणाऱ्यांच्या यादीत आबांचं नाव सगळ्यात खाली गेलं.

मी वाट बघत होतो सहादूच्या फोनची. तो चिडवणार, हे ठरलेलंच. फोन आला. "दाजी, तुमचा नंबर पार शेवटला आला."

"येऊ दे."

पलीकडे सहादूने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाला, "दाजी, माझा बैल पण बसलाय वो. तुम्हाला हरवायच्या नादात मी पण लय मारला. घरात सांगितलं तर हसतील."

आबा उठून बसले. "चारा चुकवू नको," ते म्हणाले. "आन् थोडा टाइम त्याच्याजवळ बस."

मित्रांनो, तुमच्याही खेळात तुमच्या हातून कुणी पडलं असेल आणि मनाला लागलं असेल, तर लाजून खेळ पुसून टाकू नका. लागलं, हे चांगलंच झालं. मोठ्या कुणाला तरी सांगा. आणि ज्याला सांगाल तो हसला, तर दुसऱ्या कुणाला सांगा.