'द'वरची खूण

समुद्रकाठच्या महदिया गावात पाट्या मी, हसूना, रंगवतो, पण शेजारच्या मनूबीची पाटी माझी नव्हे. लोहारच तो, त्यानं लोखंडाची अक्षरं ठोकून लावली, 'हद्दाद', म्हणजे लोहार. 'द'चा 'द्द' करणारी वरची छोटी खूण तेवढी त्याच्या मुलानं, वजदीनं घडवलेली. भट्टीवरचं त्याचं पहिलं काम, आणि चांगलंच वाकडं.

"हे काय, कोंबडीचा पाय?" मी म्हणालो होतो.

"असू दे, हसूना," मनूबी म्हणाला. "तुझा रंग दोन पावसांत उडतो. हे राहील."

आमच्या अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत; ती खूण नसली की तीच अक्षरं 'हिदाद' अशीही वाचता येतात. हिदाद म्हणजे दुखवटा.

वजदी चोरून इटलीला निघाला आणि होडी बुडाली. वाचून परतलेला सोबती सांगत होता, "माझ्या डोळ्यांदेखत गेला." मनूबीनं त्यालाच खोटारडा ठरवलं. प्रेत नाही, तर मयत कसलं? सांत्वनाला आलेल्या बायकांना त्यानं दारातूनच वाटेला लावलं. वर बायकोला, जोहराला हुकूम: रोज जेवताना कुसकुसाच्या सामाईक परातीशी वजदीचाही चमचा मांडायचा. मला भारी राग यायचा त्याचा. स्वतः रडायचं नाही तर नको रडूस, बाबा. दुसऱ्याचं तोंड का दाबतोस?

परवा दुपारी जोहरा त्याच्या दुकानात आली. मी तिथंच होतो. तिनं तो चमचा ऐरणीवर आपटला.

"आजपासून मी हा मांडणार नाही."

"आणि तो आला तर?"

"आला तर माझा देईन. मनूबी, तुला ठोकायला लोखंड तरी आहे. मी काय करू? डोळ्यांत पाणी आलं की म्हणतोस, जित्या पोराला मारतेस. मला माझ्या लेकरासाठी रडू दे रे!"

मनूबीनं हातोडा खाली ठेवला. माझ्याकडं शिडी मागितली, छिन्नी घेऊन वर चढला आणि ती वाकडी खूण सोडवू लागला. घट्ट बसली होती, बराच वेळ लागला. निघाली तेव्हा मी पाटी वाचली: 'हिदाद'.

खाली उतरून त्यानं ती जोहराच्या हातावर ठेवली.

"घे. पुरायला आपल्याकडं एवढंच आहे."

मग जोहरा रडली, आणि त्यानं तिला रडू दिलं.