मधली फाट

मित्रांनो, झगा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी झगमगीत येईल. तसा मी नाही. मी कुइंब्राच्या विद्यापीठातला एक जुना, काळा, बिनबाह्यांचा लोकरी झगा आहे. विद्यार्थ्याने खांद्यावरून पायापर्यंत पांघरायचा. आमच्यात धुण्याची पद्धत नाही. नाक मुरडू नका! पाऊस, धूळ, परीक्षेचा घाम, सगळं अंगात मुरवायचं, यातच आमचा मान.

फाटण्यातही मान असतो. डाव्या काठाला घरच्यांनी दातांनी फाट पाडायची, उजव्या काठाला मित्रांनी, आणि पाठीमागे मधोमध, जिच्यावर जीव जडला तिने. कात्री चालत नाही. प्रेम तुटलं, तरच मधली फाट शिवायची. मग कुणी काही विचारत नाही.

माझा मालक बेल्मीरु डोंगरातल्या गावातून शिकायला आलेला. माझी मधली फाट पाडली ग्रासिएतने. ती गावच्या बेकरीत मक्याचे पाव भाजायची. सुट्टी संपवून तो परत निघाला, तेव्हा गाडी सुटायच्या वेळी स्टेशनवर सगळ्यांदेखत तिने मला दातात धरलं आणि टर्रकन फाडलं. गाव हसलं. "साहेब झाल्यावर तो या पाववालीला कशाला विचारतोय!" म्हणालं. बेल्मीरुने शिक्षण संपेपर्यंत ती फाट पाठीवर मिरवली आणि लग्न ग्रासिएतशीच केलं. विद्यापीठ मात्र तिला कधी दाखवलं नाही. "पुढच्या वसंतात जाऊ," म्हणत राहिला. गेल्या हिवाळ्यात तो गेला. मला फार वाईट वाटलं. पण कपाटातल्या झग्याचं दुःख कोण विचारतो?

वसंत आला तशी ग्रासिएत सुनेला म्हणाली, "ओदेत, चल, आपणच जाऊन येऊ. त्याचा झगा अंगावर घेऊन तिथल्या चौकात एकदा उभी राहते."

ओदेत मनाची चांगली, पण दक्षिणेकडच्या कोळ्यांची लेक. तिचं सगळं माहेर जाळी विणण्यात गेलेलं. फाटकं दिसलं की तिचे हात शिवशिवतात. तिने मला उलटंपालटं केलं आणि कपाळाला हात लावला. "आईंनी हे असं फाटकं घालून परगावी जायचं? लोक मला काय म्हणतील?" तिने मला साबणाने खसाखसा धुतलं, सगळ्या फाटी जाळ्याच्या गाठीने घट्ट शिवल्या आणि कागदात गुंडाळून ठेवलं. मी ओरडून ओरडून सांगत होतो, पण वस्तूंचं ओरडणं तुम्हा माणसांना ऐकू येतं कुठे?

विद्यापीठात त्या दोघी इतर पर्यटकांसारख्या तिकीट काढून, रांगेतून आत आल्या. चौकाच्या मध्यावर ग्रासिएतने मला अंगावर घेतलं आणि मान ताठ केली. झगा घातलेली एक विद्यार्थिनी कौतुकाने पुढे आली. "आजी, कुणाचा हो हा?"

"माझ्या नवऱ्याचा! मागे बघ, मधली फाट माझी आहे."

मुलीने काठ उचलला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आजी, ही तर शिवलीय."

ग्रासिएतने मला खसकन पुढे ओढून पाहिलं. "ओदेत! हे तू केलंस?"

"आई, मला काय ठाऊक! आमच्याकडे फाटकं जाळं तसंच ठेवणारीला आळशी म्हणतात."

"जाळं होतं का गं ते? त्याने मला सोडलं, असं सांगत मी इथे उभी आहे! गावाला जन्मभर जमलं नाही, ते तू सुईदोऱ्याने करून दाखवलंस!"

"कात्री आणू का?" मुलीने विचारलं.

"खबरदार!" म्हणत ग्रासिएतने माझा काठ दातात धरला आणि जोर लावला. गाठ जागची हलली नाही. वरची कवळी तेवढी निसटून माझ्या लोकरीत अडकली. मुलीने हसू लपवायला तोंड फिरवलं. ग्रासिएतही हसली, आणि हसता हसता रडू लागली. "दातसुद्धा त्याच्यापाशीच राहिले माझे!"

ओदेत गुडघ्यांवर बसली. तिने दोऱ्याचं टोक नखाने मोकळं केलं. "आई, आमची गाठ जोर करून सुटत नाही. हे टोक ओठांत धरा आणि हळू आपल्याकडे ओढा."

ग्रासिएतने बोळक्या तोंडात टोक धरून ओढलं. दोरा सरसर निघाला. फाट मोकळी झाली. अहाहा, किती बरं वाटलं मला!

"आई, बाकीच्या दोन?" ओदेतने मान खाली घालूनच विचारलं.

"उजवी त्याच्या मित्रांची, त्यांना बोलावू." ग्रासिएतने कवळी पुसून तोंडात बसवली. "डावी घरच्यांची. ती तू उसव. आणि हे बघ, दातांनी हं!"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही वस्तू नेहमीच सांगतो. ओदेतनेही मला जपलंच होतं. माझं मागणं एवढंच आहे: कुणाचं काही फाटकं दिसलं, तर सुई हातात घेण्याआधी, ते कुणी फाडलं हे विचारा.