तिसऱ्या गाण्यातली टकटक

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही गोल आणि चपटे आहात, मधोमध एक भोक आहे आणि पोटात नऊ गाणी आहेत. जमले? मग तुम्ही म्हणजे मी. मी एक जुनी सीडी आहे, चार मित्रांच्या बँडचा पहिला अल्बम. गाणी पॉपच होती, पण आडवळणाची. एक गळक्या नळावर होते, एक हरवलेल्या किल्लीवर.

खिडकीला गाद्या टेकवून गायकाच्या घरीच ध्वनिमुद्रण झाले. शेजारच्या खोलीत त्याची आई शाळेचे गणवेश शिवत होती.

"आई, तीन मिनिटं मशीन थांबव ना."

"आणि उद्या चाळीस पोरं उघडी शाळेत जाऊ देत? तुम्हीच जरा मोठ्यानं गा."

ड्रमवाला हसला आणि त्याने मशीनच्या लयीवरच ठेका धरला. तेच माझे तिसरे गाणे, मशीनच्या टकटकीसकट.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे गाणी फोनवर आली. तेव्हा कोणीतरी ती साफसूफ केली आणि टकटक पुसून टाकली. मी कपाटाच्या तळाशी गेले, पाठीवर चरे पडले. गेल्या वर्षी गायकाची आई वारली. तिच्या हातांचा आवाज आता त्या घरात फक्त माझ्यापाशी होता, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मग घर बदलायची वेळ आली. गायकाने मला रद्दीच्या खोक्यात टाकले.

"सगळं फोनवर आहे. हे ओझं कशाला?"

"एकदा वाजवू तरी, बाबा," त्याची नऊ वर्षांची लेक म्हणाली. "मग टाका खुशाल."

मी दोनदा अडखळले. चरा नेमका तिसऱ्या गाण्यावर होता. पण कशीबशी पुढे सरकले, आणि टकटक सुरू झाली.

"फोनवर हे नाहीये. कोण वाजवतंय?"

गायक हातातली चिकटपट्टी तशीच धरून खोक्यावर बसला. "तुझी आजी. थांब म्हटलं, तर ऐकलं नाही तिनं."

"बरं झालं नाही ऐकलं."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिचे ऐकून घ्या. एवढेच मागणे.

मुलीने मला मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसले. माझ्या कव्हरच्या आत चौघा वादकांची नावे छापलेली होती. तिने पेन्सिल घेतली आणि खाली पाचवी ओळ लिहिली: 'शिलाई मशीन – आजी'.